तुम्ही काय, इथलेच!

गेल्या आठवड्यात माझी गिटार आणखी पुढे ढकलली गेली आणि तिच्या जागी लिस्बनच्या एका गृहस्थांची गिटार कामाला घेतली गेली, ही बातमी मला गिटार बनवणाऱ्या कारागिराने दिली नाही, मास्तरांनी दिली. मास्तरांचा गिटारीशी काडीचाही संबंध नाही. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक असून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, आणि त्या पेटीचा भाता दुरुस्त करून घेण्यासाठी म्हणून जे एकदा त्या कार्यशाळेत आले, ते भाता दुरुस्त होऊनही घरी गेलेले नाहीत. तरीही फोन त्यांनीच केला, आणि मी तोंड उघडण्याच्या आत माझी समजूतही त्यांनीच घातली. "त्यांचा कार्यक्रम आहे हो तारखेवर. तुम्ही काय, इथलेच!"

पूर्वपीठिका फार मोठी नाही. कारखान्यात बनलेल्या गिटारी वाजवून झाल्यावर आपल्या हाताच्या मापाने घडवलेली एक गिटार आपल्याकडे असावी, असे मला वाटू लागले. म्हापशाच्या पलीकडे एका गावात एकट्याने काम करणारा आणि वर्षाकाठी मोजक्याच गिटारी पुऱ्या करणारा कारागीर मिळाला. सव्वा लाखावर सौदा ठरला आणि ठरलेल्या तीन हप्त्यांपैकी पहिला मी जागच्या जागी भरला. पावसाळा संपता संपता गिटार हातात पडेल, असे तो म्हणाला. कोणता पावसाळा, ते तो म्हणाला नाही.

ह्या धंद्यात पाऊस हा खरोखरीच शत्रू आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. गिटारीची पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते आणि सहा पोलादी तारांचा मिळून ७० किलोंच्या आसपासचा ताण तिला जन्मभर सोसायचा असतो. ही फळी दमट हवेत फुगलेली असताना तिच्या आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या, तर पुढे कोरड्या हवेत ती आक्रसू पाहते, पट्ट्या तिला आक्रसू देत नाहीत, आणि ह्या ओढाताणीत ती उभी तडकते. म्हणून हे जोडकाम हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असतानाच करायचे असते. गोव्यात जुलै महिन्यात ती ९० च्या घरात मुक्काम ठोकून असते. त्यावर उपाय म्हणून कारागिराने मागची खोली बंदिस्त करून तिच्यात हवा कोरडी करणारे यंत्र बसवले आहे. भर पावसाळ्यात पापड मऊ न पडणारी सबंध बार्देश तालुक्यात बहुधा तेवढीच एक खोली असेल.

त्या खोलीत मास्तर बसतात. कोरड्या हवेने त्यांच्या गुडघ्यांना आराम पडतो. एरवी कोणाच्या गुडघ्यांना आराम पडत असेल तर माझी काही तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्या खोलीत मोबाइलला रेंज मिळत नाही आणि मास्तरांना फोन फार येतात. फोन वाजला की मास्तर दार उघडून व्हरांड्यात जातात, दार उघडेच राहते, आणि भिंतीवरच्या आर्द्रतामापकातला ४७ चा आकडा माझ्या डोळ्यांदेखत ५५, ५८, ६१ असा चढत जातो. मग कारागीर हातातली सरसाची कुंचली खाली ठेवतो, दार लावतो आणि आकडा उतरण्याची वाट पाहत बसतो. मास्तरांनी त्याला चौथीपर्यंत शिकवलेले असल्यामुळे तो त्यांना काही बोलू शकत नाही. एकादशी जवळ आली की भजनी मंडळाचे फोन वाढतात आणि माझ्या गिटारीचे काम थांबते.

मास्तरांशी माझी पहिली गाठ माप देण्याच्या दिवशी पडली. असा कारागीर आधी ग्राहकाला वाजवायला लावतो, त्याचा हात हलका की जड, तो नखांनी वाजवतो की प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने, हे पाहतो, आणि मग पंजाचे माप घेतो. मी दोन तुकडे वाजवले. कारागीर काही बोलला नाही. मास्तरांनी मात्र पेटीवर टेकलेला हात उचलला आणि विचारले, "किती सांगितले ह्याने?"

मी आकडा सांगितला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"सव्वा लाखात," ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "उत्तम पेटी येईल, तबलाडग्गा येईल, आणि दोन्ही वाजवणारे आषाढीपर्यंत तुमच्या घरी राहतील. मिरजेचा तंबोरासुद्धा येईल. त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुमच्या गिटारीला काय मिळाले?"

गिटारीला काय मिळाले, ह्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. तोवर कारागिराने मापाची टेप काढली होती, आणि तिचे दुसरे टोक, कोणीही न सांगता, मास्तरांनी धरले होते.

"करंगळी बघ रे ह्यांची. पोचायची नाही."

"पोचते," मी म्हणालो.

"पोचते, पण दमते," मास्तर म्हणाले. कारागिराने माझ्या करंगळीकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले, आणि वहीत तारेच्या लांबीसमोर लिहिलेला ६४५ मिलिमीटर हा आकडा खोडून ६३२ लिहिला. मला ६४५ हवी होती. तसे मी स्पष्ट सांगितले होते, आणि पैसेही मीच देणार होतो.

विषय करंगळीवरून हलावा आणि आपला थोडा अभ्यासही दिसावा, म्हणून मी तोरेसची गोष्ट काढली. स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस ह्या थोर कारागिराने १८६२ मध्ये एक गिटार अशी बनवली की तिची पुढची फळी लाकडाची आणि पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. गिटारीचा आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. मास्तरांनी ही हकिगत, शाळा तपासायला आलेल्या साहेबाचे ऐकावे तशी, मान तुकवून ऐकून घेतली.

"म्हणजे पाठीला पुठ्ठा चालतो."

"चालतो असे नव्हे. तो एक प्रयोग होता."

"यशस्वी झाला ना?" मास्तर कारागिराकडे वळले. "शिसवीचे किती धरलेस रे? ते वजा कर. ह्यांची पुठ्ठ्याची चालेल म्हणतात."

"मी तसे म्हणालो नाही," मी म्हणालो.

"अहो, तुमच्याच फायद्याचे बोलतो आहे. घरी मिक्सरचे खोके असेल ना?"

कारागिराने हा प्रस्ताव हसण्यावारी नेला असता तर मी त्याला क्षमा केली असती. त्याने विचार केला. खरोखर, पेन्सिल कानामागे खोचून, छताकडे पाहून विचार केला, आणि म्हणाला, "करता येईल, मास्तर. पण मजुरी तेवढीच पडेल. कदाचित जास्तच." त्यावर मास्तरांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले की पोरगा हुशार आहे पण हिशेबात पहिल्यापासून कच्चा, आणि मी घाई करू नये, ते त्याला आणखी पाच हजारांनी खाली आणतील. ते पाच हजार आजतागायत खाली आलेले नाहीत. ६३२ मात्र ६३२ च राहिले.

अखेर शिसवी ठरली, आणि ती ठरताना मला पहिल्यांदा एक गोष्ट खटकली. गिटारीची पुढची फळी, म्हणजे जी लोकांना दिसते, जिच्यावर गोल नक्षी येते आणि जिच्या आवाजाचे कौतुक होते, ती परदेशातून आलेल्या स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. आमच्या सह्याद्रीतली शिसवी, जिच्यासाठी जगभरचे कारागीर जीव टाकतात, ती पाठीला आणि बाजूंना, म्हणजे वाजवणाऱ्याच्या पोटाला टेकून. ह्यामागे ध्वनिशास्त्र आहे. हलके ताठ लाकूड पुढे लागते आणि जड टणक लाकूड मागे, हे मला समजते. तरीसुद्धा पाहुणा दर्शनी भागात आणि घरचा माणूस मागच्या दारी, ही व्यवस्था गोव्यात मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की गिटारीत ती नसती तर बरे झाले असते.

लिस्बनच्या गृहस्थांनी माझ्यानंतर कित्येक महिन्यांनी मागणी नोंदवली. त्यांना कार्यक्रमाची तारीख आहे, म्हणून त्यांची गिटार आधी. मला तारीख नाही, कारण मी घरी, जेवणानंतर, खिडकीत बसून वाजवणार. तेव्हा मला केव्हाही चालेल असे सर्वांनी परस्पर ठरवले. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या जातीचे लाकूड असलेले वाद्य विकून परदेशी धाडायचे तर दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर अंकुश ठेवणाऱ्या साइटिस ह्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे परवान्याचे कागद लागत असत. तो नियम आज असता तर त्या गृहस्थांना निदान माझ्याइतके खेटे तरी घालावे लागले असते, ह्या विचाराने मला क्षणभर बरे वाटले; पण तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरात त्यातून सूट मिळालेली आहे. म्हणजे तिथेही त्यांचाच मार्ग मोकळा झाला.

आता मी विनोद करत नाही. डिसेंबरात उपाहारगृहात आम्ही आधी येऊन उभे असतो आणि टेबल पाहुण्यांना मिळते, कारण ते दोन दिवसांसाठी आले आहेत. ताजा इसवण हॉटेलांकडे जातो आणि आमच्या पिशवीत उरलेले बांगडे पडतात. भाड्याचे घर मोसमात रिकामे करून मागितले जाते. प्रत्येक वेळी, अगदी प्रेमाने, पाठीवर हात ठेवून, आपण इथलेच असल्याची आठवण करून दिली जाते, आणि त्या प्रेमापुढे भांडता येत नाही. परक्या ग्राहकाला वेळ पाळून वस्तू देतात. इथला ग्राहक ग्राहक धरलाच जात नाही. तो घरचा, आणि घरच्याला पंगत उठल्यावर वाढतात. आगाऊ पैसे मात्र घरच्याकडूनही घेतात.

हे सगळे सुनावण्यासाठीच मी पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामातून वाट काढत कार्यशाळेत पोचलो. माझी गिटार एका कोपऱ्यात, पाठ आणि बाजू जोडलेल्या अवस्थेत, पुढच्या फळीविना उभी होती. मी लेखी तारीख मागितली. कारागीर नम्रपणे म्हणाला की फळी बसवता येईल, पण लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढरट पडते, त्यामुळे शेवटचा हात पाऊस गेल्यावरच; आणि यंत्र रात्रंदिवस चालू असल्याने विजेचे बिल फार येते आहे, तेव्हा दुसरा हप्ता आज मिळाला तर सोयीचे होईल. यंत्राच्या तोंडाशी, गुडघे पुढे करून, मास्तर बसलेले होते.

हप्ता मी भरला. पावती मास्तरांनीच भजनाच्या वहीतले पान फाडून, सुरेख वळणदार अक्षरात लिहिली, साक्षीदार म्हणून खाली सही केली, आणि सहीखाली कोणी न विचारता 'निवृत्त मुख्याध्यापक' असे जोडले. ते मुख्याध्यापक कधीच नव्हते, हे कारागिराने मला फाटकापर्यंत सोडायला आल्यावर सांगितले. तारीख त्याने तेव्हाही सांगितली नाही.