छावणीतले मास्तर आणि वसाहतवाद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी चीनमधल्या पाश्चात्त्य नागरिकांना वेइश्येनच्या छावणीत डांबलं होतं. तिथल्या शिक्षकांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली : 'शंभर वर्षं चीनच्या उरावर बसलेल्या गोऱ्यांना दोन-अडीच वर्षं डांबलं, तर त्याचं एवढं कौतुक कशाला? चिनी जनतेवर काय गुजरलं ते लिहा.'

तुमचा राग रास्त आहे. अफूच्या युद्धात चीनला हरवून ब्रिटनने लादलेल्या १८४२च्या नानकिंग तहापाठोपाठ ब्रिटिश माणूस चीनमध्ये चिनी कायद्याच्या कक्षेबाहेर गेला आणि ब्रिटनने तो हक्क सोडला थेट जानेवारी १९४३मध्ये. मिशनच्या शाळा वाढल्या त्या याच सवलतींच्या आडोशाने. चिफू या बंदरातली शाळा तर मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच होती. आणि जपानी सैन्याने १९३७मध्ये केलेल्या नानकिंगच्या कत्तलीपुढे वेइश्येनचे हाल काहीच नव्हेत, हेही खरं.

पण म्हणून त्या शिक्षकांवर लिहूच नये, हे मला पटत नाही. एरिक लिडेल घ्या. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं आणि पुढच्याच वर्षी हा माणूस तिएनत्सिनला चिनी मुलांना विज्ञान शिकवायला गेला. पुढे तोही वेइश्येनला डांबला गेला. छावणीत प्रयोगशाळा कुठली? त्याने उपकरणांची चित्रं हाताने काढून मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. चिफूहून आणलेल्या मुलांची तर आईवडिलांशी वर्षानुवर्षं भेट नव्हती. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून शिक्षक अंड्यांची टरफलं कुटून ती पूड त्यांना चमच्याने भरवत, आणि त्याच पोरांकडून ऑक्सफर्डच्या परीक्षेची तयारी करून घेत. मला या माणसांचं मनापासून कौतुक आहे. लिडेल छावणीतच वारला, २१ फेब्रुवारी १९४५ला, मेंदूतल्या गाठीने. बायको-मुली १९४१मध्येच कॅनडाला गेलेल्या; धाकटीचं तोंडही त्याने पाहिलं नाही.

आता ती अंडी यायची कुठून? भिंतीपलीकडचे चिनी शेतकरी रात्री चोरून आत पोचवत. पैसे मिळत, हे खरं. पण पकडलं गेलं तर जिवाशी गाठ होती. मैला वाहून नेणारे चिनी मजूर निरोप आत-बाहेर करत. जून १९४४मध्ये आर्थर हमेल छावणीतून निसटले. ते पेकिंगला इंग्रजी शिकवत आणि पुढे चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. त्यांनाही बाहेर आसरा दिला तो चिनी गनिमी सैनिकांनी.

या चिनी माणसांवर स्वतंत्र लेख हवा, हा तुमचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी लिहिणार आहे. आधीचा लेख मात्र आहे तसाच राहील.