शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांनो, निदान गप्प तरी बसा!

परत तेच! आमच्या वाचनगटात महिन्याला एक रहस्यकथा असते. नियम एकच: शेवटची तीन प्रकरणं घरी वाचायची नाहीत. जमलो की प्रत्येकानं चिठ्ठीवर संशयिताचं नाव लिहायचं, कारण सांगायचं, मग उरलेलं मोठ्यानं वाचायचं. आणि दर महिन्याला कुणीतरी शेवट वाचून येतंच. बरं, वाचलंत तर वाचलंत. पण मी डॉक्टरवर संशय घेतला की गालातल्या गालात हसायचं, "बघ हं, अजून विचार कर" म्हणायचं. संपलं ना तिथेच सगळं!

अहो, रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथालेखकानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार सुरुवातीलाच कथेत यायला हवा, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. एलरी क्वीन या टोपणनावानं लिहिलेल्या सुरुवातीच्या अमेरिकी रहस्यकादंबऱ्यांत तर उलगड्याआधी कथा थांबवून वाचकाला सरळ आव्हान दिलेलं असतं. हा डाव वाचकाशीच मांडलेला असतो हो! तो उधळायचा हक्क तुम्हाला दिला कुणी?

या वेळी तर कहर झाला. वाचनालयातून आणलेल्या प्रतीत चाळिसाव्या पानावर एका नावाभोवती पेन्सिलीनं गोल, आणि समासात "हाच खुनी". दोनशे पानं उरली होती! खोडरबरानं घासघासून खोडलं, तरी अक्षरांचा वळ कागदावर राहिलाच. ती प्रत मला गटात नव्यानं आलेल्या मुलीला द्यायची होती. तिची पहिलीच रहस्यकथा.