जावईबापू, त्रेचाळीस बाकी आहेत

हिचे बाबा बँकेच्या ऑडिटमधून रिटायर झालेत. त्यांच्या लॅपटॉपवर मी विंडोजच्या जागी उबुंटू २४.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिलीय, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ त्या मशीनवर चालत नाही, आणि नवीन घ्या म्हटलं की बाबा विचारतात, "याला काय झालंय?" अपडेट आपोआप येतील, तुम्ही काही करू नका, असं सांगितलेलं. पण ऑडिटरला बघू नका म्हणणं शक्य आहे का! टर्मिनलमधली, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतली, एक कमांड त्यांनी माझ्याकडून शिकून घेतली आणि मग फोन सुरू झाले. "जावईबापू, एकोणीस पॅकेजेस कॅन बी अपग्रेडेड म्हणतोय." मग एकतीस. मग त्रेचाळीस. "कॅन बी म्हणजे होऊ शकतं, मग होत का नाही? कोणी अडवलंय?"

फोनवर सांगून पाहिलं की बाबा, अपडेट ही कमांड नुसती यादी आणते, बसवायचं काम अपग्रेड करतं. त्यावर शांतपणे, "म्हणजे यादी वेळेवर येते, काम होत नाही. ओळखीचं आहे मला हे."

ऐरोलीहून ठाणं म्हणजे लोकलने मध्ये एक दिघा गाव स्टेशन, त्यामुळे लांब पडतं हे कारण आमच्याकडे चालत नाही. रविवारी दहा नंबरवर उतरून पूल चढून पश्चिमेला, तिथून पाचपाखाडी, आणि दार उघडताच चहाच्या आधी लॅपटॉप.

जर्नल, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडलं तर मजाच होती. हे आपोआपचं अपग्रेड रोज सकाळी सहा ते सातच्या मध्ये कधीतरी चालतं, तेव्हा बाबा तलावपाळीला चकरा मारत असतात आणि लॅपटॉप बंद. ठीक आहे, चुकलेली पाळी तो चालू केल्यावर भरून काढतो, पण त्यासाठी चार्जर लावलेला लागतो, आणि बाबा तर बॅटरी भरली रे भरली की प्लग काढून बटणही बंद करणारे. त्यामुळे रोज एकच ओळ, की कंडिशन पूर्ण नाही, सबब काम सोडून दिलं, आणि एकदा सोडलं की थेट दुसऱ्या दिवशी. अधूनमधून चार्जर चुकून लावलेला असेल त्या दिवशी दुसरी तक्रार, की कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजून डेटा मिळणारं, आहे, स्टॉपिंग. कारण घरात ब्रॉडबँड नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि उबुंटू तो बरोब्बर ओळखतं आणि डेटा वाचवायला बसतं.

बाबा चष्मा सरकवून वाचत होते. "मशीनचं काही चुकलेलं नाही. कारण नोंदवलंय, तारखेसकट." आमच्या लग्नानंतर इतकं कौतुक त्यांच्या तोंडून माझ्या वाट्याला काही आलेलं नाही.

मी चार्जर लावला, सेटिंगमधून ते मीटर्ड काढलं, रिस्टार्ट केलं आणि उगाच वाट कशाला बघा म्हणून स्वतःच सुडो अ‍ॅप्ट अपग्रेड मारलं. तर लॉक मिळेना, एका वेळी एकालाच बसवता येतं ना! लॉक कोणाकडे, तर अनअटेंडेड-अपग्र नावाच्या प्रोसेसकडे, म्हणजे त्याच आपोआपच्या अपग्रेडकडे. नावसुद्धा पुरतं न लिहिणारा हा प्राणी इतके आठवडे हलला नव्हता आणि मी हात लावल्या क्षणी कामाला बसला होता. मी तो मारायला निघालो (मारू नये, पॅकेज अर्धवट बसतात, पण हात शिवशिवतात) तर बाबांनी मनगट धरलं. "करतोय ना तो? करू द्या."

तेवढ्यात सासूबाई मिक्सर घेऊन आल्या. किचनमधला पॉइंट गेलाय, म्हणून चटणी हॉलमध्ये.

"दहा मिनिटं थांब, सिक्युरिटीचं चाललंय," बाबा प्लगवर हात ठेवून.

"सिक्युरिटीचं काय चालायचंय? वॉचमन बसलाय की खाली."

चटणी थांबली. त्याने सिक्युरिटीचे अपडेट बसवले, उरलेले मी बसवले, आणि शेवटी सात राहिलेच. डिफर्ड ड्यू टू फेजिंग. आता हे समजावणं आलं. म्हटलं बाबा, साधे अपडेट उबुंटू सगळ्यांना एकदम देत नाही, आधी दहा टक्के मशीनना, काही बिघडलं नाही तर हळूहळू वाढवत जातं, बिघडलं तर वाटप थांबवतं. तुमचा नंबर कधी लागणार ते तुमच्या मशीनच्या आयडीवरून ठरतं.

"म्हणजे सिडकोची लॉटरी."

"साधारण. पण इथे शेवटी सगळ्यांना लागते."

"तुमच्याकडे आलेत हे सात?"

माझा लॅपटॉप बॅगेत होता. उघडला. आले होते, सातही, कारण सगळी एकाच मूळ कोडातून बनलेली, आली तर एकदम येतात.

बाबा बराच वेळ माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. "सिस्टिम सेम. व्हर्जन सेम. आणि तुम्हाला आधी?"

"मग?" सासूबाई मिक्सरचा प्लग खोचत म्हणाल्या. "जावयाला आधीच वाढतात."