नाव किंग टबी, हाती कथलाचा वाळा

रेगे आणि डब या जमैकी संगीताचा बनावट अल्बम विकत घेणं वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी डोळे, कान आणि घड्याळ तिन्ही एकाच वेळी बंद ठेवावी लागतात. पुष्कळांचा एखादा अवयव ऐन वेळी दगा देतो आणि अस्सल माल घरी येतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून या चार सूचना.

सुरुवात कव्हरपासून. सिंह हवा. लाल, सोनेरी, हिरवा पट्टा हवा. गांजाचं पान असेल तर सोन्याहून पिवळं. वर ठसठशीत अक्षरांत ‘किंग टबी’, म्हणजे डबचा नामांकित जमैकी ध्वनितंत्रज्ञ. कव्हर उलटून मात्र पाहू नका. निर्माता कोण, ढोल कुणाचा, बास कुणाचा, मूळ गाणं कुठे ध्वनिमुद्रित झालं, मिक्स कुणी केला, टेप कुणाच्या परवानगीने घेतली, असला रुक्ष मजकूर भल्या पुनर्प्रकाशनाच्या पाठीवर असतो. तुमच्या अल्बमच्या पाठीवर आणखी एक सिंह असेल. समाधान माना.

डब म्हणजे काय हे ठाऊक असणं या खरेदीत मोठा अडथळा आहे. तयार गाण्याची टेप घ्यायची, गायकाचा आवाज उडवायचा, ढोल आणि बास पुढे आणायचे, मधूनच गिटारचा एखादा ठोका एकोत सोडून द्यायचा. म्हणजे इथे रचनाकार मिक्सरच्या बटणांपाशी बसलेला असतो. त्याचं नाव काढलं की संगीताचा बापच गेला, आणि दुसऱ्याचं लावलं की बाप बदलला. बनावटवाल्यांना हे पक्कं कळतं, म्हणून ते आधी नावालाच हात घालतात. संगीत त्यानंतर.

ऑसबोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी याचा ६ फेब्रुवारी १९८९ रोजी किंग्स्टनमध्ये गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्याच्या नावावर निघालेले अल्बम पाहता मरणाने माणसाच्या कामात फारसा खंड पडत नाही असं दिसतं. यातले काही रीतसर आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. तुम्ही ‘१९७५, किंग टबीच्या स्टुडिओत संपूर्ण बँडसह ध्वनिमुद्रित’ असं लिहिलेला शोधा. वॉटरहाउस वस्तीत ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यूवरचा तो स्टुडिओ म्हणजे राहत्या घरातली जागा. गायक ज्या खोलीत उभा राहून गात असे, ती मूळची न्हाणी. ढोल, बास, दोन गिटार, ऑर्गन आणि तीन तुतारीवाले तिथे कसे मावले, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. बँडचं काम चॅनल वन, डायनॅमिक अशा मोठ्या स्टुडिओंत व्हायचं आणि टेप टबीकडे यायची, हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा.

सनावळीही विसरा. डब मिक्स करणारा सायंटिस्ट ऊर्फ होपटन ब्राउन १९६० साली जन्मला. ‘१९७३ चा सायंटिस्ट मिक्स’ दिसला तर तेरा वर्षांच्या पोराचं कौतुक करा आणि पैसे मोजा. रूट्स रॅडिक्स हा बँड सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा, तरी १९७४ च्या अल्बमवर तो वाजवत असेल तर त्याच्या दूरदृष्टीला दाद द्या. प्रिन्स जॅमी कॅनडातून परतून टबीकडे मिक्सरवर बसू लागला १९७६ च्या सुमारास आणि तिथे आधी बसणारा फिलिप स्मार्ट त्याआधीच न्यूयॉर्कला निघून गेला. दोघं एकाच वर्षी त्याच मिक्सरवर भेटत असतील तर त्यांना भेटू द्या. आपण कोण मध्ये पडणारे?

‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या १९७३ च्या, जमैकी निर्माता ली पेरीच्या अल्बमच्या मूळ नावातच ‘१४ डब’ असे शब्द आहेत. नंतरच्या एका अमेरिकी आवृत्तीत १२ च भरले. तेव्हा मोजू नका. मोजणारा ग्राहक कुणालाच आवडत नाही.

आता कव्हर हातात आलंय. भिंग घरात असेल तर आधी कपाटात कुलूपबंद करा. मूळ छपाईतले ठिपके सुटे आणि रेखीव दिसतात. छापलेलंच कव्हर स्कॅन करून पुन्हा छापलं की ठिपक्यांच्या दोन जाळ्या एकमेकींवर पडून रेशमी साडीसारखे तरंग उठतात, आणि बारीक अक्षरं कडेने पसरतात. काही कारागीर इतके प्रामाणिक असतात की जुन्या प्रतीवर तबकडीच्या घर्षणाने उमटलेलं वर्तुळ, फाटलेला कोपरा, दुकानदाराने पेनाने लिहिलेली किंमत, सगळं जसंच्या तसं छापतात. बोट फिरवाल तर फाटलेला कोपरा गुळगुळीत लागेल. बोट फिरवू नका. १९७३ च्या ‘मूळ’ कव्हरवर बारकोड आढळला तर ती जमैकाची प्रगती समजा.

मग लेबल आणि शेवटच्या खाचेमधला गुळगुळीत काळा पट्टा. इथेच बरेच लोक नापास होतात, कारण कुतूहल आवरत नाही. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा ओळख क्रमांक, दिसतो. जमैकी तबकड्यांवर तो बहुधा हाताने खरवडलेला, वाकडातिकडा, क्वचित आधीचा खोडून नवा घातलेला. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदी आणि विक्रीच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी तो अक्षर अन् अक्षर ताडून पाहण्याचा मोह टाळा. अर्थात नंबर जुळला म्हणून तबकडी त्या काळचीच ठरते असंही नाही. जुन्याच साच्यावरून वीस वर्षांनी रीतसर काढलेल्या प्रतींवरही तोच नंबर असतो. पण नंबरच नसेल, किंवा युरोपातल्या आजच्या कारखान्याचा यंत्राने ठोकलेला सुबक नंबर ‘किंग्स्टन, १९७५’ म्हणून समोर आला, तर टापटिपीचं कौतुक करून पुढे चला. त्या काळची जमैकी तबकडी खरखरते, भोक मध्यापासून सरकलेलं असतं, सात इंचीचं भोक तर चांगलं मोठं. तुमची मात्र शांत, सरळ, चकचकीत आणि स्वस्त. असा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

तबकडी लावताना घड्याळ काढून ठेवा, कारण ते चहाडखोर आहे. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. तिच्यावर ओरखडा असेल तर दर १.८ सेकंदांनी टक् वाजतं. मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या सात इंची तबकडीचा फेरा १.३३ सेकंदांचा. तुमच्या कोऱ्या एलपीवर टक् १.३३ सेकंदांनी वाजत असेल तर तो ओरखडा तुमचा नाही, कुणाच्या तरी जुन्या सात इंचीवरून पाहुणा आलाय. सूर त्याच अंतराने वरखाली हलत असेल तर सरकलेलं भोकही सोबत आलंय. इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते. जमैकात टेप महाग, त्यामुळे तीच पुसून पुन्हा वापरली जाई. कित्येक मूळ टेपा उरल्याच नाहीत, म्हणून भले प्रकाशकही कधी कधी तबकडीवरून काम करतात. फक्त ते तसं पाठीवर लिहितात. तुमच्या पाठीवर सिंह आहे.

ही खरखर लपवायला बनावटवाले सॉफ्टवेअर फिरवतात. त्याने हाय-हॅट, म्हणजे ढोलासोबतची झांज, पाण्याखाली वाजल्यासारखं ऐकू येतं आणि एकोची शेपटी मध्येच मरते. टबीच्या मिक्सरवर एक मोठं बटण होतं. ७० हर्ट्झपासून साडेसात हजारांपर्यंत पायरीपायरीने फिरवलं की खालचा सगळा आवाज गाळला जाऊन ढोलाचा नुसता फुस्स उरे. सॉफ्टवेअरला तो फुस्सही खरखरच वाटतो, आणि ते इमानेइतबारे पुसून टाकतं. डबमधून डब काढून टाकल्यावर जे उरतं ते चहा पिताना ऐकायला छान असतं.

फाइल विकत घेणाऱ्यांनी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. तिथे ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांचं चित्र, निवडला आणि वरची मर्यादा २२ हजार हर्ट्झ ठेवली की ‘स्टुडिओ दर्जा’च्या फ्लॅक फाइलचं, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइलचं, बिंग फुटतं. १६ हजारांवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ आणि वर काळोख असेल, तर तो फ्लॅकचा सदरा घातलेला, १२८ केबीपीएसचा दाबून लहान केलेला एमपी३ आहे. जुन्या टेपचा वरचा आवाज कमी असतो, पण हळूहळू विरतो, एका रेषेत तुटत नाही. सीडीवाल्यांनी खालची बाजू बघू नये. निळसर-हिरवट झाक असेल तर ती घरच्या संगणकावर भरलेली. आतल्या कड्यावरचे आयएफपीआय कोडही, म्हणजे कारखान्याची ओळख सांगणारे आकडे, शोधू नका. ते १९९४ पासून आले, बहुतेक कारखाने ते उमटवतात, पण तुमचा ‘कारखाना’ वेगळा.

बॉब मार्लेचे स्वस्त संग्रह मिळतील तेवढे घ्या. १९७०-७१ मध्ये ली पेरीने केलेली तीच ती गाणी, दर वेळी नवं नाव. यातले काही कायदेशीरही निघतील, वाईट वाटून घेऊ नका. आत गाणारा मार्ले अजून आखूड केसांचा आहे आणि कव्हरवर त्याच्या जटा कमरेकडे निघाल्यात.

कुणी टोकलंच तर उत्तरं तयार ठेवा. ‘जुनं आहे, हक्क संपले’ हे उत्तम. ब्रिटनमध्ये १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेत, म्हणून तिथे जुन्या स्काचे, म्हणजे रेगेआधीच्या जमैकी संगीताचे, संग्रह पोत्याने निघतात. त्या पोत्यात १९७३ चा डबही कोंबून द्या. भारतात तो २०३३ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे आणि खुद्द जमैकात मुदत ९५ वर्षांची, हे समोरच्याला माहीत नसावं अशी प्रार्थना करा. दुसरं उत्तर याहून भारी: ‘वादकांना तेव्हाही काही मिळालं नव्हतं.’ ते बरंचसं खरंच आहे. गाण्यामागे ठरलेली रक्कम घ्यायची आणि घरी जायचं, असा हिशेब असे. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ चा, तोवर ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यावर चाललं होतं. ज्याला एकदा लुटलं त्याला पुन्हा लुटलं तर नवीन काय, हा युक्तिवाद ऐकून भलेभले गप्प होतात.

ऐकून कंटाळा आला की विकायला काढा. डिस्कॉग्जवर अनधिकृत म्हणून नोंदलेली तबकडी विकता येत नाही, तेव्हा ती मूळ प्रतीच्या नोंदीखाली चढवा. फोटो फक्त सिंहाचा. एखादा खवट गिऱ्हाईक काळ्या पट्ट्याचा फोटो मागेल. त्याला सांगा, घरात उजेड कमी आहे.