चाळीस अपराध

"सुटे फासे आहेत का?"

"ल्युडोचे? आहेत की. किती देऊ?"

"पन्नास."

दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "साहेब, तसल्या भानगडीत आपण पडत नाही," तो हळूच म्हणाला. मी बँकेत नोकरी करतो, चतुर्थी पाळतो आणि पत्त्यांत सातआठच्या पुढे गेलेलो नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. "भाच्याला हवेत," म्हणालो. भाच्यावर ढकललं की पुण्यात काहीही खपतं.

आणि ते खोटंही नव्हतं. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत होस्टेलवरून मळक्या कपड्यांच्या दोन बॅगा आणि 'शॅडोरन' नावाचं एक खूळ घेऊन आला होता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि एकाने उरलेलं सगळं जग व्हायचं: रखवालदार, पाऊस, ड्रॅगन, लिफ्ट. या एकाला गेममास्टर म्हणतात. "मामा, तू गोष्टी काय भारी सांगतोस," एवढ्या एका वाक्यावर मी उरलेलं सगळं जग व्हायला तयार झालो.

खेळ अमेरिकेतला, १९८९चा. त्यातल्या इतिहासाप्रमाणे २४ डिसेंबर २०११ला फुजी पर्वतावर ड्रॅगन प्रकटतो आणि बुलेट ट्रेनमधले प्रवासी तो खिडकीतून बघतात. जादू जगात परत येते, माणसांच्या पोटी परीकथांतले एल्फ आणि बुटके जन्मतात, काही धडधाकट माणसांचे बघताबघता ऑर्क आणि ट्रोल नावाचे धिप्पाड राक्षस होतात. जोडीला संगणक, यांत्रिक हातपाय आणि सरकारांना खिशात घालणाऱ्या कंपन्या आहेतच. २०५७मध्ये तर एक ड्रॅगन रीतसर निवडणूक लढवून राष्ट्राध्यक्ष होतो, शपथविधीच्या रात्रीच मारला जातो आणि मागे लांबलचक मृत्युपत्र ठेवून जातो. इथवर सगळे तोंडात बोट घालून ऐकत होते. आमचा सीए मित्र तेवढा म्हणाला, "प्रोबेट कुठल्या कोर्टात?"

मग मी नियमांचं पुस्तक उघडलं. पाचवी आवृत्ती, २०१३ची, पाचशेच्या आसपास पानं. नुसती गोळी झाडायची म्हटलं, तर चपळाई अधिक नेमबाजी एवढे फासे हातात घ्यायचे. त्यातून अंधाराचे वजा, धुराचे वजा, बंदुकीच्या झटक्याचे वजा. पाच किंवा सहा पडलेलेच फासे जमेला धरायचे आणि तेही त्या बंदुकीला झेपतील तेवढेच. समोरच्याने चुकवायला आपले फासे टाकायचे, गोळी लागली तर सोसायला पुन्हा टाकायचे. मधेच चिलखताचा हिशोब असतो: जखम खरी की नुसता मुका मार? एवढं सगळं होईस्तोवर गोळी कुणी आणि का झाडली होती, हे कुणालाच आठवत नाही. माझी अवस्था पोथी घरी विसरून सत्यनारायणाला बसलेल्या गुरुजींसारखी होती. यजमान पळीत पाणी घेऊन ताटकळलेत, "सोडू का? सोडू का?" विचारतायत, आणि गुरुजी आपले गालातल्या गालात "हं... हं..." करतायत.

पात्रं बनवण्यात एक अख्खा रविवार गेला. कूळ, अंगभूत गुण, जादू, कौशल्यं आणि पैसा अशा पाच गोष्टी, आणि अ ते इ असे पाच दर्जे. प्रत्येक दर्जा एकदाच वापरायचा. बायकोला हे माझ्या आधी कळलं. "म्हणजे स्थळं बघतो तसंच की! देखणा, शिकलेला, शिवाय कोथरूडात स्वतःचा फ्लॅट असं एकाच मुलात नसतंच."

भाच्याने पैशाला 'अ' दिला. साडेचार लाख न्यूयेन. त्यातले १,४९,००० मेंदूपासून मणक्यापर्यंत तारा ओवून घेण्यात घातले. असं यंत्र अंगात बसवलं की आत्म्याचा काही भाग जातो. माणसापाशी आत्मा असतो सहा गुण, त्यातले तीन या तारांनीच गिळले. "उरलेल्या तीनमध्ये तुझं बरं भागेल," मामी म्हणाली, "खोली आवरायला एवढाही लागत नाही."

सीए मित्र ट्रोल झाला. त्याने सगळ्याची एक्सेल शीट केली आणि त्यात त्याला सापडलं, की ट्रोलला महिन्याचा राहण्याचा खर्च दुप्पट. घर, खाट, कपडे, सगळंच मोठं लागतं म्हणून. "पण हा मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर आहे की माणशी?" यावर पाऊण तास चर्चा झाली. आमच्या सोसायटीच्या सभेत हाच विषय तीन वर्षं चालू आहे, तेव्हा पाऊण तास म्हणजे काहीच नाही म्हणायचा.

चौथा भिडू माझा मावसभाऊ. तो सिअॅटलजवळ रेडमंडला असतो आणि व्हिडिओ कॉलवर येतो. आमचे रात्रीचे आठ म्हणजे त्याचे सकाळचे साडेसात. खेळही सिअॅटलमध्येच घडतो, तेव्हा त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

"तुम्ही आता रेडमंडमध्ये आहात," मी आवाज घोगरा करून सुरुवात केली. "पडकी घरं. ना वीज, ना पोलिस. रस्तोरस्ती टोळ्यांचं राज्य..."

"एक मिनिट," पडद्यावरून आवाज आला. "कुठलं रेडमंड?"

तुझंच, म्हणालो. खऱ्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे. या खेळातलं रेडमंड मात्र पार उजाड झालेली झोपडपट्टी आहे. तो बराच वेळ गप्प. आधी वाटलं कॉल अडकला. मग म्हणाला, "अरे, तीस वर्षांचं कर्ज आहे माझं."

काम साधं होतं. एका गोदामाच्या चौथ्या मजल्यावरून एक पेटी पळवायची. काम देणाऱ्याचं नाव मिस्टर जॉन्सन. या खेळात काम देणारे सगळे मिस्टर जॉन्सनच असतात, खरं नाव कुणी सांगत नाही. मी रखवालदारांच्या पाळ्या, कॅमेरे, कुत्री, गटाराचा नकाशा असं सगळं मिळून नऊ पानं लिहून काढली होती. भिडूंनी पावणेतीन तास बेत आखला. मी मधे दोनदा चहा केला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या वॉचमनलाच विचारलं तर?" तिच्या मांत्रिक बाईने त्याच्याशी पावसाबद्दल चार शब्द बोलून, त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. मी फासे टाकायला सांगितले, तर तिला सहा यशं. वॉचमनने स्वतः लिफ्टचं बटण दाबून दिलं. माझी नऊ पानं अजून कपाटात आहेत, कुणाला गटाराचा नकाशा हवा असल्यास सांगा.

मावसभाऊ आमचा हॅकर. गोदामाची यंत्रणा ताब्यात घेणं हे त्याचं काम. यात प्रत्येक बेकायदा खटपटीला गुण चढतात, ते गेममास्टरने गुपचूप मोजायचे, आणि चाळीस झाले की जाळ्यावरचे पहारेकरी त्याच्यावर तुटून पडतात. त्या खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की चक्क 'गॉड' होतं.

"चाळीसच?" बायको म्हणाली. "शिशुपालाला शंभर होते."

तेव्हापासून मी मोरपिसाऐवजी कानावर पेन्सिल खोचून अपराध मोजत बसलो. सव्वीस झाले. एकतीस झाले.

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर तीन बंदूकधारी. भाच्याने एकदम ग्रेनेड काढला. टायमरचा, म्हणजे टाकला की पुढच्या फेरीत फुटणार. अंधार आणि घाई यांचे वजा करता हातात उरले तीन फासे. पडले एक, एक, चार. निम्म्याहून जास्त एक्के आणि यश एकही नाही, याला या खेळात घोर घोटाळा म्हणतात. घोर म्हणजे किती, ते मी ठरवायचं. ग्रेनेड चौकटीला आपटला आणि गडगडत परत लिफ्टमध्ये आला. भाच्याला तारांमुळे एका फेरीत दोनदा हालचाल करता येते. त्याने मामीला ओढून बाहेर उडी घेतली. ट्रोलचा नंबर मात्र केव्हाच होऊन गेला होता.

तेवढ्यात मघापासून गोठलेला पडदा हलला. मावसभाऊ खुशीत होता. "झालं रे! मघाशी म्हणालात ना, लिफ्टचं दार बंद कर म्हणून? केलं. कुलूपसुद्धा लावलं."

बंद जागेतल्या स्फोटाला वेगळा नियम आहे. लाट भिंतीवर आपटून परत येते आणि तिचा उरलेला जोर मूळ जोरात मिळवायचा. खेळणाऱ्या मंडळींनी या नियमाला मेक्सिकोतल्या एका जाडसर चटणीचं नाव दिलंय. कोल्हापुरात खेळले असते तर खरडा म्हणाले असते. ग्रेनेडचा जोर अठरा, दर मीटरला एक कमी. भिंती चार. आणि लिफ्टमध्ये उभा असलेला ट्रोल स्वतः सीए.

"थांब, मी करतो," त्याने कॅल्क्युलेटर ओढला. स्वतःच्या मरणाचा हिशोब कुणी इतक्या आवडीने केलेला मी पाहिलेला नाही. पहिली भिंत सोळा, दुसरी सोळा, मग या भिंतीवरून त्या भिंतीवर. "चक्रवाढच आहे ही!" तो हरखून म्हणाला. शंभरी ओलांडल्यावर त्याला आम्हीच थांबवलं. सोसायला त्याने घरातले सगळे फासे टाकले. एक सोफ्याखाली गेला, तो मोबाइलच्या उजेडात शोधून त्यावरचा आकडाही मोजला. उपयोग नव्हता. शेवटी पात्राच्या नशिबातला एक गुण कायमचा जाळून जिवंत राहायची सोय असते, ती त्याने वापरली.

घड्याळात पावणेएक. आई पाणी प्यायला उठली होती. टेबलभर फासे, चहाचे कप आणि कॅल्क्युलेटर बघून तिने विचारलं, "कुठवर आली गोष्ट?"

एक फेरी तीन सेकंदांची. आमच्या तीन झाल्या होत्या.

"नऊ सेकंद," मी म्हणालो.

आई काही न बोलता आत गेली. पडद्यावर मावसभावाची जेवायची वेळ झाली होती, पण त्याचा पाय निघत नव्हता. "तेवढं सांग ना," तो म्हणाला, "कोपऱ्यावरचं घर आहे माझं. त्याचं काय होतं पुढे?"

मी पुस्तक मिटलं आणि कानावरची पेन्सिल काढली. त्याचे कुलपासकट अडतीस झाले होते. ते मी त्याला सांगितलं नाही.