पट्टी भरपूर, पकड शून्य

सलाईनसाठी शीर पटकन सापडली की सगळा वॉर्ड कौतुक करतो. त्या शिरेत बसवलेला कॅन्युला, म्हणजे सलाईन आत नेणारी बारीक नळी, दुसऱ्या दिवशीही जागेवर असला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते शीर सापडण्यात थोडं नशीब असतं. कॅन्युला टिकण्यात मात्र निव्वळ चिकटपट्टीची अक्कल.

सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीही न करता उभं राहणं. जंतुनाशकाने त्वचा घासली की ती आपोआप वाळू द्यायची, निदान ३० सेकंद. रुग्ण बघतोय, नातेवाईक बघताहेत, आणि आपण एका हाताकडे टक लावून उभे! मग फुंकर मारायचा मोह होतो. फुंकरीने त्वचा वाळेल, पण तोंडातले जंतूही पोचतील. आणि ओल्या त्वचेवर पट्टी चिकटत नाही, चिकटल्याचं नाटक करते. दाट केस आडवे आले तर क्लिपरने कापावेत. वस्तऱ्याचे ओरखडे जंतूंना आयतं दार उघडून देतात.

कोपराच्या खळगीतली शीर टपोरी दिसते, म्हणून सगळे तिच्याच प्रेमात. पण माणूस फोन उचलतो, नाक खाजवतो, आणि प्रत्येक वेळी सलाईन थांबते, पंप बोंबलतो. त्यापेक्षा कोपराखालचा सपाट हात बरा.

पारदर्शक पट्टी ताणून लावू नये, फोड येतात. ती नुसती ठेवायची आणि मधून कडांकडे दाबत जायचं. नळी शिरते ती जागा दिसत राहिली पाहिजे. काहीजण कॅन्युलावर इतक्या पट्ट्या चढवतात की खाली लाली आली की सूज, हे पट्ट्यांनाच विचारावं लागतं. हाताभोवती पूर्ण वेढा तर मुळीच नको. हात सुजला की तोच वेढा काचतो.

एवढं करून कॅन्युलाला जोडलेली सलाईनची लांब नळी मात्र मोकळी लोंबत सोडलेली! खरा घात इथेच. नळीला यू आकाराचा वळसा देऊन तो वेगळ्या पट्टीने हातावर बसवायचा. मग झटका बसला तरी तो वळसा खातो, कॅन्युला नाही. नाहीतर प्रत्येक ओढीसरशी कॅन्युला शिरेत आतबाहेर सरकतो आणि शीर रागावून लाल होते.

कड सुटली, पट्टी भिजली की ती बदलायची. सुटलेल्या कडेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, ही ठिगळं म्हणजे केवळ मनाची समजूत.

एवढ्यातून वाचलेला कॅन्युला शर्टाच्या बाहीत मरतो. शर्ट काढताना मोकळा हात आधी, घालताना सलाईनचा आधी. पण घाईची लघवी लागली की हे कुणाला आठवतं? लोक स्टँड मागे ठेवून निघतात. तरीही कॅन्युला निघालाच, तर कोरड्या गॉजने रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं आणि निघालेली नळी पुन्हा आत सारायची नाही. ती मुठीत घेऊन "सिस्टर, हे तुमचं पडलं होतं" म्हणत परत करायला येणारे रुग्ण फार सज्जन असतात. फक्त त्यांनी दुसऱ्या हाताने भोक दाबलेलं नसतं.