स्वस्त होस्टिंगविषयीच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

म्हापशातल्या काजूच्या दुकानाला लागणाऱ्या पाच पानांच्या संकेतस्थळासाठी सर्वांत स्वस्त होस्टिंग (संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवण्याची भाड्याची जागा) पुरते, मी माझ्या लेखात 'मुंबईतलाच सर्व्हर घ्या' (सर्व्हर म्हणजे संकेतस्थळ ज्यावर चालते तो संगणक) म्हणून व्यापाऱ्याला खर्चात पाडतो, डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि बॅकअपची (माहितीच्या राखीव प्रतीची) भीती घालतो आणि हे सारे कमिशनसाठी करतो, असा आपला आक्षेप आहे.

त्यातला बराचसा भाग मला मान्य आहे. अशा दुकानाला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेला एकच सर्व्हर, भरपूर झाले. मुंबईचा आग्रहही मी जास्तच धरला, कारण पाने क्वचितच बदलणारी असली आणि क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएनवरून (पानांच्या प्रती ग्राहकाजवळच्या ठिकाणांहून देणाऱ्या जाळ्यावरून) दिली, तर मूळ सर्व्हर कुठे आहे याने ग्राहकाला फारसा फरक पडत नाही. खोल्यांचे आरक्षण घेणाऱ्या होमस्टेचे तसे नाही; तिथे प्रत्येक तारखेची चौकशी थेट डेटाबेसपर्यंत जाते आणि सर्व्हर अमेरिकेत असला की एकेका फेरीला (मागणी जाऊन उत्तर येईपर्यंत) 200 मिलिसेकंद किंवा त्याहूनही अधिक लागतात.

'स्वस्त' या शब्दाबद्दल मात्र सावध राहावे. जाहिरातीतला दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे आगाऊ भरणाऱ्यासाठी असतो, नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो आणि वर 18 टक्के जीएसटी असतो. 99.9 टक्के अपटाइमची (संकेतस्थळ चालू राहण्याच्या वेळेची) हमी म्हणजे वर्षातून सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. दुकानाला ते चालेल, पण नाताळच्या आठवड्यात होमस्टेला नाही.

आता ती 'भीती'. फोंड्यातल्या माझ्या एका परिचित मिठाईवाल्याने होस्टिंग, डोमेन आणि ईमेल ही तिन्ही संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाच्याच खात्यावर घेतली होती. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात, मागण्यांचा जोर असताना, संकेतस्थळाच्या जागी मुदत संपल्याचे पान दिसू लागले. सूचना मुलाच्या जुन्या ईमेलवर जात होत्या, ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या क्रमांकावर, आणि मुलगा आखातात. गल्ल्यापाशी बसून आम्ही खोक्यातून एकच पावती शोधून काढली, तर तिच्यावर डोमेनधारक म्हणून नावही त्याचेच. पैसे हातात होते, पण ते भरायला खात्यात शिरता येत नव्हते. मुलाचा पत्ता लागून डोमेन परत मिळेपर्यंत चवथ होऊन गेली होती. होस्टिंग चुकीचे निघाले तर महिन्याभरात बदलता येते. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर ते बदलण्याची सोयसुद्धा त्याच्या मर्जीवर राहते. म्हणून डोमेन वेगळ्या खात्यावर, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या क्रमांकाने घ्यावे, असे मी लिहिले होते.

बॅकअपचेही तसेच. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला (सर्व्हर ठेवण्याच्या जागेला) आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात असल्याने मूळ माहितीबरोबर जळाले. 'रोजचा बॅकअप मोफत' असे वाचले की तो कुठे ठेवतात हे विचारावे, आणि एक प्रत महिन्यातून एकदा आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. त्याला काही खर्च नाही.

कमिशनबद्दल आपला संशय खरा आहे. लेखातल्या एका दुव्यावरून मला ते मिळते आणि तशी नोंद मी तळाशी बारीक अक्षरात केली होती. ती आता पहिल्या परिच्छेदात आणली आहे आणि मुंबईविषयीचे वाक्य दुरुस्त केले आहे. डोमेनचा परिच्छेद मात्र होता तसाच ठेवला आहे.